विमानाची दवंडी आणि मालकाचं नाव

ओहायोत राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून सिरस एसआर२२ हे छोटं विमान आहे, स्वतःच्या नावावर नोंदवलेलं. मंडळाच्या कार्यक्रमात जेवताना एका ओळखीच्या माणसानं फोन काढला आणि त्यांच्या गेल्या सहा महिन्यांच्या फेऱ्या सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. कधी निघालात, कुठे उतरलात, किती रात्री तिथं राहिलात, सगळं. त्या रात्री घरी त्यांची बायको आणि मुलगी दोघीच होत्या. डॉक्टर विचारतात: हे कायदेशीर आहे का? थांबवता येईल का? उडताना एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण, बंद ठेवलं तर? पुढच्या वर्षी टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखा फिरवणारं मोठं विमान) घ्यायचं आहे, तेव्हा त्यासाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढावी का? (ते ग्रीन कार्डवर आहेत.) आणि पुण्यात भावाच्या कंपनीचं विमान आहे, त्याला यातलं काय लागू होतं?

डॉक्टरसाहेब, मी बावीस वर्षं एव्हिओनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं काम करते आहे. त्यातली बरीचशी टेक्सासमधल्या एका हँगरमध्ये गेली. ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख रेडिओवरून सांगणारं यंत्र) बसवणं, तपासणं, त्याचे पत्ते भरणं हे माझं रोजचं काम. तुम्हाला वाटलेली भीती मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती अनाठायी नाही. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगते. तुमचं विमान आकाशात दिसायचं थांबणार नाही, आणि ते थांबावं असं मला वाटतही नाही. सुटू शकते ती विमानाचा नंबर आणि तुमचं नाव यांच्यातली गाठ. पुढचं सगळं उत्तर त्या गाठीबद्दल आहे.

एडीएस-बी आउट म्हणजे विमानानं स्वतःची पिटलेली दवंडी. विमान आपली जागा जीपीएसवरून ठरवतं आणि ती, उंची, वेग आणि स्वतःचा पत्ता असं सगळं १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ओरडून सांगतं. या हाकेला कुलूप नाही, सांकेतिक भाषा नाही. ती मुद्दामच उघडी ठेवली आहे, कारण ती फक्त जमिनीवरून विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलरसाठी नसते. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानालाही ती थेट ऐकू यायला हवी. जगभरातल्या हजारो उपकरणांना ऐकू यायलाच हवी अशी हाक गुप्त ठेवायची म्हटलं तर तिची किल्ली प्रत्येकाच्या हातात द्यावी लागेल, मग ते कुलूप कशाला? अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक नियंत्रित हवाई क्षेत्रात हे उपकरण सक्तीचं झालं. त्याआधीही विमानांचा माग लागत असे, पण त्यातला मोठा भाग एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या, रडारच्या माहितीवर चाले, आणि ती माहिती कुणाला द्यायची हे एफएएच्या हातात होतं. आता तीस-चाळीस डॉलरचा यूएसबी रिसीव्हर, गच्चीवर एक अँटेना आणि एक छोटा संगणक एवढ्यावर कुणीही शे-दोनशे मैलांच्या परिसरातली विमानं थेट ऐकू शकतो. माझ्या घराच्या छपरावरही असा एक रिसीव्हर आहे. आम्ही दुरुस्त केलेलं विमान पहिल्यांदा उडालं की त्याची हाक नीट येते का, हे मी त्यावर बघते.

या हाकेत तुमचं नाव नसतं. असतो तो २४ बिटांचा एक आंतरराष्ट्रीय पत्ता, आणि सोबत पॅनेलमध्ये भरलेला कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. खासगी विमानात तो कॉल साइन म्हणजे बहुतेक वेळा शेपटीवरचा एन नंबरच, म्हणजे एन अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. अमेरिकेत हा २४ बिटांचा पत्ता एन नंबरवरून ठरलेल्या सूत्रानं काढला जातो. पत्ता कळला की नंबर कळतो, नंबर कळला की पत्ता. मग ओक्लाहोमा सिटीत ठेवलेल्या एफएएच्या नोंदवहीत तो नंबर टाकला की मालकाचं नाव आणि टपालाचा पत्ता समोर येतो. ही नोंदवही इंटरनेटवर खुली आहे आणि सबंध उतरवूनही घेता येते. तुमच्या मंडळातल्या माणसानं कसलंही हेरकाम केलं नाही. दवंडी एकीकडे, वही दुसरीकडे, त्यानं दोन्ही फक्त शेजारी ठेवली.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, ते कायदेशीर आहे. दुसऱ्यांचं संभाषण चोरून ऐकण्याविरुद्धच्या संघराज्याच्या कायद्यातच सागरी आणि हवाई दळणवळण वेगळं काढलेलं आहे. त्या हाका ऐकणं हा गुन्हा नाही. मिळालेल्या माहितीचा वापर करून कुणी तुमचा पाठलाग केला, धमकावलं, तर तो गुन्हा आहे, पण तो पाठलागाचा. ऐकण्याचा नाही.

आता एडीएस-बी बंद ठेवण्याबद्दल. इथं मी मुद्दाम थांबून बोलणार आहे, कारण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हळू आवाजात विचारतं. नियम स्पष्ट आहे. विमानात एडीएस-बी आउट बसवलेलं असेल तर ते पूर्ण वेळ चालू असलं पाहिजे. अपवाद दोन: संवेदनशील सरकारी मोहिमेला एफएएनं दिलेली परवानगी, किंवा खुद्द कंट्रोलरनं सांगितलं तर. खासगी मालकाला दुसरा अपवाद सोडला तर काहीच मिळत नाही. पण नियमापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती हवेतल्या बाकीच्यांची. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली आणि ६७ माणसं गेली. ते हेलिकॉप्टर एडीएस-बी आउट प्रसारित करत नव्हतं. त्या अपघाताची कारणं अनेक होती आणि हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. तरी त्या रात्रीनंतर माझ्यासमोर कुणी स्विच बंद करायची भाषा केली की मी काम थांबवते. ज्या विमानाला तुम्ही दिसायला हवं होतं, त्यात कुणाची तरी मुलगी बसलेली असते.

आणि ही हाक आपल्या माणसांच्याही कामी येते. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमचा एक ग्राहक संध्याकाळी सहाला पोहोचणार होता. साडेसात वाजले, फोन लागेना. त्याच्या बायकोनं रडत हँगरवर फोन केला. आम्ही माग उघडला. ढग खाली आले म्हणून तो साठ मैल अलीकडच्या एका छोट्या धावपट्टीवर उतरला होता, आणि तिथं मोबाइलला रेंज नव्हती. नकाशावर तो ठिपका जमिनीवर शांत थांबलेला दिसला, त्या क्षणी तिचा आवाज कसा बदलला ते मला आजही आठवतं. म्हणून माग काढणाऱ्या संकेतस्थळांना मी शत्रू मानत नाही. अमेरिकेतल्या शहरांवर घिरट्या घालणारी एफबीआयची पाळत-विमानं २०१५ मध्ये पत्रकारांनी उघड केली, तीही खुल्या नोंदी आणि अशाच मागांवरून. लोकांना ते कळायलाच हवं होतं. तुमच्या घरी दोघी एकट्या आहेत हे मात्र कुणाला कळायचं कारण नाही.

तेव्हा आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की काय झाकायचं आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत ढोबळमानानं तीन प्रकारचे लोक असतात. काहींना व्यवहार झाकायचा असतो. एप्रिल २०१९ मध्ये ऑक्सिडेंटल पेट्रोलियमचं विमान ओमाहाला उतरलेलं शेअर बाजारातल्या विश्लेषकांनी हेरलं. ओमाहा म्हणजे गुंतवणूकदार वॉरन बफेंचं गाव. दोन-तीन दिवसांतच बफेंची बर्कशायर हॅथवे ऑक्सिडेंटलमध्ये १० अब्ज डॉलर घालणार असल्याचं जाहीर झालं. अशा कंपन्यांसाठी एक फेरीसुद्धा बातमी असते. काहींना एखाद्या विशिष्ट माणसाची भीती असते, घटस्फोटातला जोडीदार, जुना रुग्ण, मागे लागलेला कुणी. आणि तिसरे तुमच्यासारखे: त्यांना एखादी फेरी दिसण्याची फारशी चिंता नसते, पण कुणीही नाव टाकून सहा महिन्यांची दिनचर्या वाचू नये एवढंच हवं असतं. हे तिसरं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांनी फक्त तांत्रिक उपायांवर विसंबू नये. त्यांनी पोलीस आणि वकील यांनाही सोबत घ्यावं.

तुमच्या हाती असलेला पहिला उपाय म्हणजे एफएएचा लॅड, म्हणजे विमानाची माहिती लोकांना कमी दाखवण्याचा कार्यक्रम. अर्ज मोफत आहे. तुमचा नंबर त्या यादीत गेला की एफएएची माहिती घेणाऱ्या संकेतस्थळांना तो लोकांना दाखवता येत नाही. त्यात दोन पर्याय असतात. एकात एफएए तुमची माहिती कुणालाच पुढे देत नाही. दुसऱ्यात ती कंपन्यांकडे जाते, पण सर्वांसमोर दिसत नाही, आणि तुम्ही स्वतःच्या खात्यातून घरच्यांना दाखवू शकता. तुम्ही दुसरा घ्या. तुमच्या पत्नीला तुम्ही कुठे आहात ते दिसायलाच हवं. यादी महिन्यातून एकदा बदलते, तेव्हा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी नाव दिसलं म्हणून घाबरू नका. लॅडमुळे फ्लाइटअवेअर आणि फ्लाइटरडार२४ सारख्या मोठ्या ठिकाणी तुमचा नंबर दिसायचा थांबेल. मंडळातल्या बहुतेकांच्या फोनवर हीच ॲप असतात, म्हणजे तुमच्या तक्रारीचा मोठा भाग इथंच मिटतो.

मिटत नाही तो उरलेला भाग. काही जाळी एफएएकडून काहीच घेत नाहीत. ती फक्त स्वयंसेवकांच्या छपरांवरचे रिसीव्हर जोडून चालतात, म्हणून लॅडची अट त्यांना लागू होत नाही. एडीएस-बी एक्स्चेंज हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. त्यांचं धोरणच काही न झाकण्याचं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ते एका कंपनीनं विकत घेतलं, तेव्हा नाराज स्वयंसेवकांनी तशीच नवी जाळी उभी केली. यातून माझा अनुभव सांगते: एक दार लावून घेतलं की शेजारी दुसरं उघडतं. हा झगडा नवा नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्यावसायिक विमानमालकांच्या संघटनेनं नंबर झाकायची सोय सुरू केली. नोव्हेंबर २००८ मध्ये मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागायला खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले आणि देशभर ओरड झाली, त्यानंतर जनरल मोटर्सनं आपलं विमान याच सोयीनं झाकायला सांगितलं. झाकलेल्या नंबरांची यादीच मिळावी म्हणून पत्रकारांनी मागणी केली, ती २०१० मध्ये कोर्टानं मान्य केली. २०११ मध्ये सरकारनं सुरक्षेचं कारण दाखवल्याशिवाय नंबर झाकायला नकार दिला आणि त्याच वर्षी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, तो निर्णय फिरवला. नियम पुन्हा हलू शकतात, म्हणून आपली व्यवस्था फक्त एका यादीवर टेकवू नये.

दुसरा उपाय पीआयए, म्हणजे विमानाला मिळणारा पर्यायी २४ बिटांचा पत्ता. एफएए तुम्हाला नोंदवहीशी न जुळणारा एक पत्ता देते, सोबत तुम्ही अधिकृत पुरवठादाराकडून एक त्रयस्थ कॉल साइन घेता, आणि आमच्यासारखं कुणी तो पत्ता ट्रान्सपाँडरमध्ये भरतं. विमान अमेरिकेत नोंदलेलं हवं आणि १०९० वर बोलणारं हवं. हवेत दवंडी तीच, फक्त दवंडीत सांगितलेलं नाव वेगळं. पत्ता भरल्यावर ठरलेल्या मुदतीत उड्डाण करून एफएएकडून उपकरणाचा अहवाल काढावा लागतो, तो बरोबर आला तरच काम पूर्ण. हे सगळं फक्त अमेरिकेच्या हद्दीत चालतं. कॅनडा, मेक्सिको, बहामाला जायचं तर खरा पत्ता परत भरून निघावं लागतं. तुम्ही ओहायोत आहात, टोरँटोला नातेवाईक असतील, तर हे आधीच लक्षात घ्या.

या उपायाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका ग्राहकानं पैसे खर्चून सगळं करून घेतलं. पहिल्या चार फेऱ्या उत्तम झाल्या. पाचव्या वेळी त्याच्या मुलानं विमान नेलं आणि सवयीनं पॅनेलमध्ये फ्लाइट आयडीच्या, म्हणजे कॉल साइनच्या, जागी एन नंबर टाकला. नवा पत्ता आणि जुना नंबर एकाच हाकेत बाहेर पडले, आणि गाठ पुन्हा पक्की बसली. ते जाळ्यांच्या साठ्यात कायमचं राहिलं. तेव्हापासून मी अशा प्रत्येक विमानाच्या चेकलिस्टमध्ये, विमान धावपट्टीकडे हलवण्याआधीच्या ओळीत, फ्लाइट आयडी तपासण्याची नोंद स्वतःच्या हातानं घालून देते. तुमच्या ईएलटीत, म्हणजे अपघात झाल्यावर उपग्रहाला हाक देणाऱ्या यंत्रात, हाच २४ बिटांचा पत्ता भरलेला असू शकतो. पत्ता बदलताना त्याचं काय करायचं हे हँगरमध्ये आधी विचारा. शोधपथकाला चुकीच्या विमानाचा पत्ता मिळावा ही चूक कुणाला परवडणार नाही. दोन ट्रान्सपाँडर असतील तर पत्ता दोन्हींत बदलावा लागतो.

चूक झाली नाही तरी चिकाटीनं बघणारा माणूस पीआयए फोडतो. छोट्या विमानतळावर तुमच्या हँगरमधून काल जुन्या पत्त्याचं एसआर२२ उतरलं आणि आज अनोळखी पत्त्याचं एसआर२२ निघालं, तर त्याला आणखी काय हवं? वेळा त्याच, नेहमीची ठिकाणं तीच. एलॉन मस्क यांचं विमान या कार्यक्रमात होतं, तरीही फ्लोरिडातल्या एका कॉलेज विद्यार्थ्यानं त्याचा माग चालू ठेवला. मस्क यांनी त्याला खातं बंद करण्यासाठी ५,००० डॉलर देऊ केले होते आणि डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरवरचं ते खातं बंदही केलं. टेलर स्विफ्ट यांच्या वकिलांनीही त्याच विद्यार्थ्याला नोटीस पाठवली. ती बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभर छापून आली आणि विमानाकडे आधीपेक्षा जास्त डोळे लागले. फ्रान्सचे उद्योगपती बर्नार अर्नो यांनी वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की कंपनीनं विमान विकून टाकलं आहे आणि आपण आता भाड्याच्या विमानानं जातो, म्हणजे आत कोण बसलंय हे कुणाला कळत नाही. नाव आणि नंबर यांची गाठच उरत नाही, म्हणून सगळ्यांत पक्का उपाय तोच आहे. पण तुम्हाला स्वतः उडवायचं आहे, तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही. आणि प्रसिद्ध माणसांच्या मागे असलेली चिकाटी तुमच्या मागे कुणी लावणार नाही. तुमच्यासाठी लॅड नेटकं असेल तर पीआयएची खटपट करावी असं मला वाटत नाही.

कमी उंचीवर उडणाऱ्या काही छोट्या विमानांत १०९० ऐवजी ९७८ मेगाहर्ट्झवर बोलणारं यूएटी हे उपकरण असतं. त्याला निनावी राहायची सोय आहे, पण ती फक्त ट्रान्सपाँडरवर १२०० हा सर्वसाधारण कोड लावून, कंट्रोलरची कुठलीही सेवा न घेता उडताना. तुमचं १०९० आहे, म्हणून हे सोडून देऊ.

तुमच्या बाबतीत खरा फरक पडेल तो नोंदवहीत. २०२४ च्या एफएए कायद्यातल्या कलम ८०३ मुळे मालकाला आपली ओळख लोकांपासून झाकून मागण्याचा हक्क मिळाला. मार्च २०२५ पासून एफएएच्या केअर्स या ऑनलाइन प्रणालीतून नाव आणि पत्ता लोकांना न दाखवण्याची विनंती करता येते. हा अर्ज आजच करा. तो करताना एक गोष्ट मनाशी धरा: नोंदवहीच्या जुन्या प्रती अनेकांनी आधीच उतरवून ठेवलेल्या आहेत. तुमचं नाव आज वहीतून दिसेनासं झालं तरी सध्याच्या सिरसच्या नंबरासोबत ते कुठे ना कुठे सापडेल. त्यावर नंबर बदलायचा विचार कराल, तर शुल्क फक्त १० डॉलर आहे, पण नोंदवहीत विमानाचा कारखान्यानं दिलेला अनुक्रमांक आणि आधीचे नंबरही दिसतात. शोधणाऱ्याला अनुक्रमांकावरून जुनं नाव मिळतं. शिवाय नंबर बदलला की रंगारी, विमा, ईएलटी, परदेशी फेऱ्यांसाठीचा रेडिओ परवाना, सगळ्यात बदल करावा लागतो. सिरससाठी हे करू नका. गाठ सोडवायची ती नव्या विमानाच्या वेळी, नोंदणीचा पहिला कागद जाण्याआधी.

पायलटांचीही एक वेगळी नोंदवही असते आणि तीही लोकांना बघता येते, हे बरेच जण विसरतात. तुमच्या पायलट प्रमाणपत्रासोबतचा घरचा पत्ता तिथं दिसत असेल तर तो न दाखवण्याची विनंती वेगळी करावी लागते. तुमच्या घरातल्या दोघींच्या दृष्टीनं मी हे सगळ्यांत आधी करेन.

आता एलएलसी. इथं ग्रीन कार्डमुळे तुमचं प्रकरण इतरांपेक्षा वेगळं होतं, आणि हे मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगते, कारण आपल्या मराठी मंडळींत ही चूक होताना मी दोनदा पाहिली आहे. अमेरिकेत स्वतःच्या नावावर विमान नोंदवायला नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. तुम्ही स्वतःच्या नावावर विमान नोंदवू शकता, कारण तुम्ही कायम रहिवासी आहात. पण कंपनी नागरिक ठरण्यासाठी तिचा अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक अमेरिकी नागरिक लागतात, आणि मतदानाचा किमान ७५ टक्के हिस्सा नागरिकांकडे लागतो. एलएलसीलाही हेच मोजमाप लागतं, आणि त्यात ग्रीन कार्डधारक नागरिक म्हणून मोजला जात नाही. म्हणजे तुम्ही एकट्यानं एलएलसी काढून तिच्या नावावर विमान टाकलं, तर नोंदणीच अवैध ठरू शकते. आणि नोंदणी अवैध म्हणजे विम्यालाही प्रश्न. एच-१बीवरच्या मंडळींना तर स्वतःच्या नावावरही नोंदवता येत नाही. अशा वेळी विश्वस्ताच्या नावावर, म्हणजे ट्रस्टकडे नोंदणी करतात. ट्रस्टमध्ये कागदावर नाव विश्वस्त संस्थेचं दिसतं. खर्च येतो, पण गोपनीयता आणि पात्रता दोन्ही त्यातून मिळतात. तुमच्यासाठी मला तीच वाट योग्य वाटते. तुमची पत्नी नागरिक असेल तर विमानांच्या कायद्यातला वकील आणखी पर्याय सुचवेल. साधा मालमत्तेचा वकील नको.

एलएलसीतला दुसरा खड्डा नागरिक मालकांनाही चुकत नाही. फक्त विमान ठेवण्यासाठी आणि उडवण्यासाठी कंपनी काढली, मग तुमच्या दवाखान्याच्या कंपनीनं तिला फेऱ्यांचे पैसे दिले, तर एफएएच्या नजरेत ती कंपनी भाड्यानं विमान चालवते आहे, आणि त्याचा परवाना तिच्याकडे नाही. नाव झाकायला निघालेला माणूस बेकायदा चार्टरच्या, म्हणजे परवान्याशिवाय भाड्याच्या उड्डाणांच्या, चौकशीत अडकतो. कंपनीकडे फक्त मालकी ठेवायची आणि उडवणाऱ्यानं ते भाड्यानं घ्यायचं, अशी रचना करतात. तीही लेखी, आधी.

नवं विमान घेताना आणखी काही साध्या गोष्टी. नंबर निवडताना आद्याक्षरं, जन्मतारीख, मुलीचं नाव, लकी नंबर टाळा. एफएएनं आपणहून दिलेला रटाळ नंबर घ्या. मस्क यांच्या विमानाच्या नंबरात ६२८ आहे आणि त्यांचा वाढदिवस २८ जून, हे लोकांनी लगेच पकडलं. नंबर शेपटीजवळ १२ इंच उंच अक्षरांत रंगवावाच लागतो, तेव्हा फोटोत तो येणारच. कुटुंबाचे फोटो विमानासमोर काढा, जरूर काढा, पण सहलीवरून परत आल्यावर टाका. गणपतीला जाताना विमान उभं असलेल्या जागेवरूनच टाकलेल्या एका फोटोनं लॅड आणि ट्रस्ट दोन्हींचं काम वाया जातं. आणि मॉडेल निवडताना गर्दीतलं विमान घ्या. पिलाटस पीसी-१२ या टर्बोप्रॉपची २,००० हून जास्त विमानं जगात गेली आहेत. पांढऱ्या रंगाचं पीसी-१२ कुठल्याही धावपट्टीवर उठून दिसत नाही. जिल्ह्यात एकमेव असलेलं दुर्मीळ विमान, त्यावर जांभळे पट्टे, मग पत्ता कितीही बदला.

लँडिंग फीची बिलं हल्ली एडीएस-बीच्या नोंदींवरून घरी येतात, अशी तक्रार पायलट करतात. सुरक्षेसाठी सक्तीनं घेतलेली माहिती वसुलीला वापरू नये असं मलाही वाटतं, कारण त्यामुळेच लोक स्विचकडे बघायला लागतात. त्यावर २०२५ मध्ये काँग्रेसमध्ये विधेयकही आलं. तूर्त बिल आलं तर विमानतळाचं नाव, तारीख आणि आपला लॉग ताडून बघा. बिल चुकीचंही असू शकतं.

पुण्यातल्या भावाबद्दल. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या, नोंदवहीत व्हीटीनं सुरू होणाऱ्या क्रमांकासोबत मालक किंवा चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. तिथली बहुतेक खासगी विमानं मुळातच कंपनीच्या नावावर असतात, म्हणून माणसाचं नाव थेट पुढे येत नाही. लॅड आणि पीआयए या अमेरिकेच्या सोयी आहेत. व्हीटी विमानाच्या मालकानं माग काढणाऱ्या संकेतस्थळांना थेट विनंती करावी, हा रस्ता त्याला मोकळा आहे. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला हे खरं, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा कायदेशीर बंधनामुळे जाहीर झालेल्या माहितीला लागू होत नाही, आणि कंपनी तर व्यक्तीच नाही. त्या कायद्याच्या भरवशावर मी राहिले नसते. भारतातही लोक बघतात: ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशाच्या शेख हसीना यांना घेऊन येणारं विमान दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरेपर्यंत हजारो लोकांनी पडद्यावर पाहिलं.

तुमच्या कामाचा क्रम असा लावा. या आठवड्यात पायलट नोंदवहीतला पत्ता आणि केअर्समधली विनंती. त्याच दिवशी लॅडचा अर्ज, घरच्यांना दिसेल असा पर्याय निवडून. यादी बदलल्यावर एका छोट्या फेरीनंतर तीन-चार संकेतस्थळांवर स्वतःचा नंबर टाकून बघा, लॉग आउट करून, म्हणजे बाहेरच्याला काय दिसतं ते कळेल. टर्बोप्रॉपसाठी वकिलाकडे जाल ते ऑफर देण्याआधी. एस्क्रोत, म्हणजे व्यवहारासाठीच्या त्रयस्थ खात्यात, पैसे ठेवल्यानंतर नाव बदलायला गेलं की प्रत्येक कागद दोनदा करावा लागतो, आणि पहिला कागद वहीत गेलेला असतो. रात्री दोघी एकट्या असतात त्याबद्दल मात्र विमानाच्या बाहेरच काहीतरी करा. घराला चांगला अलार्म, आणि तुम्ही नसताना येऊन-जाऊन असणारे एक-दोन शेजारी.